दोनफेरी

शनिवारच्या बाजारात तिला सगळे दोनफेरी म्हणायचे. तोंडावर मावशी आणि पाठ वळली की दोनफेरी. तिला दोन्ही ठाऊक होती, आणि दुसऱ्या नावात राग येण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलं नाही.

तिची रीतच तशी होती. पहिली फेरी मारायची ती पिशवीची घडी काखेत दाबून. त्या फेरीत काही घ्यायचं नाही. भाव विचारायचा तोही जाता जाता, आपल्याला घ्यायचंय कुठं, अशा चेहऱ्यानं. बाजाराच्या पार टोकाला पत्र्याखाली अंडीवाला बसायचा, तिथं वळायचं, आणि वळता वळता पिशवी फटकन झटकून उघडायची. त्या आवाजासरशी बटाटेवाली हाळी द्यायची, "झटकली गं बाई पिशवी! काटे सरळ करा रे!"

मग खरा बाजार. टोमॅटो मधल्या गल्लीत, कांदे भिंतीकडच्या म्हाताऱ्याकडे, अंडी तडा गेलेली पण न फुटलेली, आणि तीही आजच संपवायची असतील तेवढीच. साबणाची वडी आणली की चार तुकडे करून महिनाभर फळीवर वाळत ठेवायची, कारण ओला साबण पाण्यात नुसता वाहून जातो. लोकरीचे कपडे ऐन उन्हाळ्यात घ्यायचे, तेव्हा दुकानदारालाच ते नकोसे झालेले असतात. तेलाचा मोठा डबा शेजारणीबरोबर अर्धा अर्धा. पगाराच्या दिवशी बाजारात पाऊल टाकायचं नाही, कारण त्या दिवशी खिसा आपल्याशी भांडतो. लग्न ठरलेल्या पोरी यादी घेऊन तिच्याकडे यायच्या. ती यादी वाचायची, पेन्सिलीनं तीन-चार ओळी खोडायची आणि म्हणायची, "हे पुढच्या महिन्यात आठव. आठवलंच तर घे."

ही अक्कल काही ती जन्मताना घेऊन आली नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात तिनं जे केलं ते ऐकलं असतं तर त्या पोरींनी आपल्या याद्या परत मागून घेतल्या असत्या. नवरा सायकली दुरुस्त करायचा. पंक्चर, चेन, ब्रेक सगळंच करायचा, पण त्याचा खरा हात बसलेला चाकावर. वाकडं झालेलं चाक तो उलट्या सायकलीवर गरकन फिरवायचा, एक डोळा मिटायचा आणि कुठली तार किती आवळायची ते नुसत्या नजरेनं सांगायचा. बाकीचे खडू धरून खूण करायचे, याला खडू लागायचा नाही. तर त्या पहिल्या महिन्याची कमाई त्यानं आणून तिच्या हातावर ठेवली, आणि ती गेली आणि निळ्या फुलांचे सहा कप आणि सहा बशा घेऊन आली. पुढचे नऊ दिवस दोघांनी उकडलेले बटाटे खाल्ले. नवरा एका शब्दानं बोलला नाही. दहाव्या दिवशी बिनसाखरेचा चहा त्या कपातून पिता पिता एवढंच म्हणाला, "कप मात्र झकास आहेत."

ती रडली होती त्या दिवशी. आणि दुसऱ्या दिवसापासून दोन फेऱ्या.

सहा कपांतला एक अजून आहे. कान तुटलाय त्याचा. त्यात पेन्सिली ठेवलेल्या असतात.

दोन फेऱ्यांमध्ये एकच अडचण होती. पहिल्या फेरीचे भाव दुसरीत आठवायला हवेत. बाजारात कागद-पेन्सिल काढली तर विकणारा सावध होतो, आणि तीसेक भाव डोक्यात ठेवायचे म्हणजे गोंधळ उडायचाच. हा गोंधळ मिटवला तो लेकीनं. सहा वर्षांची होती तेव्हापासून ती आईचं बोट धरून बाजारात यायची आणि चालता चालता ओठांतल्या ओठांत गाण्यासारखं म्हणत राहायची, "कांदा नऊ, भिंतीकडे आठ, टोमॅटो अकरा, मधे साडेदहा, वांगी नको." दुसऱ्या फेरीत एखाद्यानं अकरा सांगितले की आई काही बोलायची नाही, नुसती लेकीकडे बघायची. आणि ती दोन वेण्यांची, नाक वर केलेली चिमुरडी गंभीरपणे सांगायची, "मधे साडेदहाला होते, आई."

"ही पोर आहे की वही?" कांदेवाला म्हातारा एकदा वैतागून म्हणाला. तेच नाव पडलं. वही. सगळा बाजार तिला वही म्हणायला लागला. तापानं एखाद्या शनिवारी ती आली नाही तर बटाटेवाली विचारायची, "वही घरी विसरलीस होय गं आज?" आणि मग सगळ्यांचे भाव खुशाल वर चढायचे.

बाजार झाला की शेवटचं दुकान बेकरीचं. तिथं फुटकी बिस्किटं वजनावर मिळायची, अख्ख्यांच्या निम्म्या भावात. घरी आल्यावर वही ताट घेऊन बसायची आणि तुकड्याला तुकडा जुळवून अख्खं बिस्किट तयार करायची. बाप दुकान बंद करून हात धुवून यायचा आणि तिच्यासमोर मांडी घालायचा. दोघांचं त्यात असं काही लक्ष लागायचं की चहा गार व्हायचा. नजर दोघांची सारखीच. हा तुकडा त्या तुकड्याचा, ते लांबून ओळखायची दोघं. जुळलं की पोर ओरडायची, "आई, हे बघ, अख्खं! पूर्ण भावाचं!"

आई गॅसपाशी उभी राहून हसायची. त्या वेळी तिला वाटायचं, हे असंच चालू राहणार आहे. ते जपून ठेवायला हवं, हे काही तिला सुचलं नाही.

वही हुशार निघाली. नर्सिंग शिकली, आणि तिथून तिला समुद्रापलीकडच्या एका मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली. दोन विमानं बदलून जावं लागतं तिथं. गेली त्या दिवशी आईनं तिच्या सामानाचं वजन स्वतः ताणकाट्यावर चार वेळा केलं. ठरल्यापेक्षा पाव किलोसुद्धा जास्त भरू दिलं नाही. विमानतळावर जादा वजनाचे पैसे भरावे लागले नाहीत याचं समाधान घेऊन ती घरी आली आणि दारातच बसली.

सुरुवातीला फोन म्हणजे मोठी चैन होती. कोपऱ्यावरच्या फोनच्या दुकानात लाल आकडे पळायचे, आणि ते बघून मावशीच्या छातीत धडधडायचं. तेव्हा तिनं नियम केला. तीन मिनिटं. रविवारी संध्याकाळी सहाला. जायच्या आधी कागदावर मुद्दे लिहायचे: तब्येत, बाबांचा गुडघा, पाऊस, पैसे पोचले, जपून राहा. एकेक मुद्दा वाचायचा, उत्तर ऐकायचं, पुढचा घ्यायचा. दोन मिनिटं पन्नासला "ठेवते गं" म्हणायचं. तिकडून लेकही तशीच, तिच्याच हाताखाली तयार झालेली. तीही आपले मुद्दे लिहून ठेवायची. दोघी असं बोलायच्या की दुकानदार म्हणायचा, "मावशी, तुमच्यासारखं गिऱ्हाईक असेल तर मी उपाशी मरेन."

पुढे फोनचं दुकान गेलं. हातात मोबाइल आला आणि तिकडचा फोन फुकट झाला. शेजारीण तासन्‌तास आपल्या भावाशी बोलत बसायची, तोंडं बघत. पण मावशीची तीन मिनिटं तीन मिनिटंच राहिली. आता घड्याळाकडे बघावंही लागत नव्हतं. दहा सेकंद उरले की जीभच आवरतं घ्यायची. फोन ठेवल्यावर मात्र ती बराच वेळ तिथंच बसून राही, आणि लिहून न ठेवलेलं सगळं एकेक करून आठवत राही. तू जेवतेस का वेळेवर. केस किती वाढलेत. तिथं तुला कुणी आहे का गं, रविवारी सोबतीला. हे मुद्दे कागदावर कधी आले नाहीत. एवढं सगळं बसणार कुठं तीन मिनिटांत?

लेक पहिली दोन वर्षं आली. मग चार वर्षं आली नाही.

न येण्याचं कारण भांडण नव्हतं की आजार नव्हता. कारण होतं तिकीट. तिची रजा असायची त्या दिवसांत तिकिटाचा भाव आकाशाला भिडायचा. ती फोनवर सांगायची, "आई, अजून उतरलं नाही. उतरलं की घेते." आणि आई अभिमानानं म्हणायची, "शहाणी माझी. चढत्या भावात घ्यायचं नसतं. उतरू दे." तो तर तिचाच धडा होता, लेकीनं नीट पाठ केलेला. शिकवणाऱ्याला आणखी काय हवं? पहिल्या वर्षी खरंच समाधान वाटलं. दुसऱ्या वर्षी "शहाणी" राहिलं, नुसतं "उतरू दे" म्हणाली. तिसऱ्या वर्षी तिनं लेकीच्या खाटेवर नवी चादर घातली, महिनाभर ठेवली, मग धुवून घडी करून कपाटात ठेवली. चौथ्या वर्षी चादर काढलीच नाही.

वही दर महिन्याला पैसे पाठवायची. मावशी त्यातला एकही उचलायची नाही. सगळे बँकेत वेगळे. तिला लागतात किती? दोन फेऱ्या मारल्या की घर चालतं.

आणि या सगळ्यात पाच महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या डोळ्यांचं निघालं.

आधी त्यानं दुकानात एका गिऱ्हाइकाचं चाक सरळ म्हणून दिलं आणि ते दोन दिवसांनी तसंच डुगडुगत परत आलं. मग आणखी एक. डोळ्यांच्या डॉक्टरणीनं डोळ्यांत थेंब घालून, दिवा मारून पाहिलं आणि सांगितलं, आतला पडदा मधोमध झिजतोय. कडेचं दिसत राहील. समोरचं, ज्याच्याकडे बघाल ते, हळूहळू पुसट होत जाईल. गोळ्यांनी वेग थोडा कमी होतो. गेलेलं परत येत नाही.

"म्हणजे बघायचं ठरवलं की दिसणार नाही," तो बाहेर आल्यावर म्हणाला, "आणि नको तिकडचं दिसत राहील. चांगलंय. भिंती बघत बसेन."

"अहो, गप बसा."

त्यानं दुकान पुतण्याला दिलं. रोज सकाळी तिथं जाऊन तो स्टुलावर बसायचा आणि चाकाचा आवाज ऐकून सांगायचा, घासतंय का ते. लेकीला यातलं काही सांगायचं नाही, असं मावशीनं ठरवलं. ठरवलं तरी कसं म्हणावं. रविवारी कागद घेऊन बसली की ती लिहायची, गुडघा, पाऊस, पैसे. डोळे लिहायला पेन्सिल टेकवायची आणि वाटायचं, हे सांगायला तीन मिनिटं पुरायची नाहीत, पुढच्या रविवारी सांगू. असे वीस रविवार गेले.

त्या शनिवारी दुपारी नवरा ताट घेऊन बसला होता. वही गेल्यापासून बिस्किटं जुळवायचं काम त्याच्या एकट्याकडे आलं होतं. गेल्या आठवड्याचे उरलेले तुकडे होते. मावशी पिशवीची घडी घालून निघायच्या बेतात होती.

"हे बघ गं," तो म्हणाला. "जुळलं."

तिनं बघितलं. दोन तुकडे त्यानं एकमेकांना लावून ठेवले होते. एक गोल बिस्किटाचा होता आणि एक चौकोनी. मधे बोटभर फट होती. तो मान थोडी तिरपी करून, कडेच्या नजरेनं त्या ताटाकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर तेच जुनं हसू होतं.

"हो की," ती म्हणाली. "छान जुळलं."

"तिकिटाचं काय म्हणाली ती रविवारी?"

"उतरलं नाही अजून."

"हं." त्यानं ताटातला चुरा बोटानं गोळा केला. "उतरेल म्हणा. घाई नाही. फक्त तिचं तोंड मला दिसेल तोवर उतरलं म्हणजे झालं."

हे तो टोमणा म्हणून बोलला नव्हता. पाणी तापलं का, असं विचारावं तसं बोलला होता. मावशीला टोमणा चालला असता. तिनं चपला घातल्या आणि ती बाहेर पडली.

बाजार नेहमीसारखा भरला होता. ती पहिल्या फेरीला निघाली. कांदे बघितले, भाव विचारला, पुढे गेली. टोमॅटो विचारले. वांगी विचारली. वाटाणे विचारले. लोक तिला मावशी मावशी करत होते आणि ती मान हलवत होती. टोकाला अंडीवाल्यापाशी पोचली, वळली, आणि तिच्या लक्षात आलं की तिला एकही भाव आठवत नाहीये.

एकही नाही. वही गेल्यावर तिनं स्वतःला सवय लावून घेतली होती, लेकीसारखंच ओठांत म्हणत चालायची. आज ओठांवर दुसरंच काही चाललं होतं. तिचं तोंड मला दिसेल तोवर. तिचं तोंड मला दिसेल तोवर.

"मावशी, झटका की पिशवी!" अंडीवाला म्हणाला. "सगळे वाट बघतायत."

तिनं पिशवी झटकली नाही. तशीच चालत बटाटेवालीपाशी आली आणि तिच्या शेजारी पालथ्या घातलेल्या खोक्यावर बसली.

"चक्कर आली का गं?" बटाटेवालीनं विचारलं. दोघींच्या ओळखीला तीस वर्षं झाली होती, त्यातली निम्मी घासाघिशीत गेली होती. "पाणी देऊ?"

"नको. फोन करायचाय."

"कुणाला?"

"वहीला."

"आज कुठं रविवार आहे?" बटाटेवालीलाही रविवार ठाऊक होता.

मावशीनं फोन लावला. तिकडे सकाळचे अकरा वाजले असतील. घंटा वाजत राहिली. ड्यूटीवर असेल, उचलणार नाही, असं वाटत असतानाच तिकडून आवाज आला, घाबरलेला.

"आई? काय झालं? बाबा?"

"काही नाही झालं. बरे आहेत. मी बाजारात आहे."

"बाजारातून फोन केलास? शनिवारी?"

"वार माहितीये मला."

"मग काय झालं सांग ना. मी आत्ताच चहाला बाहेर आले. काय झालं, आई?"

मावशीच्या हातात कागद नव्हता. काय आधी म्हणायचं ते कळेना. शेवटी लेकीनंच विचारलं, "टोमॅटो कसे आहेत आज?"

"आठवत नाही."

"म्हणजे?"

"एक फेरी मारली. काहीच आठवत नाही बघ."

आईला भाव आठवत नाहीत, यापुढे दुसरं काही विचारायची गरजच नव्हती लेकीला. "आई," ती हळू आवाजात म्हणाली, "खरं सांग."

मग मावशीनं सांगितलं. चाक, डॉक्टरीण, पडदा, गोळ्या, भिंती बघत बसेन म्हणाले ते, आणि गोल तुकड्याला लावलेला चौकोनी तुकडा. लेक नर्स होती. मधे मधे ती नेमके प्रश्न विचारत राहिली. एक डोळा की दोन्ही? सरळ रेघ वाकडी दिसते का? वाचता येतं का अजून? आणि मग, "कधी कळलं हे?"

"झाले पाच महिने."

"पाच महिने! आणि दर रविवारी मला पाऊस सांगतेस तू?"

"मग काय करू? तीन मिनिटांत काय काय बसवू मी?"

"तीन मिनिटं कुणी ठरवली आई? फुकट आहे फोन! चार वर्षं झाली फुकट होऊन!"

"मला काय माहीत तुला वेळ असतो का ते. तूही ठेवतेसच की वेळेवर."

"तू 'ठेवते गं' म्हणतेस म्हणून ठेवते मी!"

बटाटेवाली बटाटे निवडायचं सोडून ऐकत होती. एका गिऱ्हाइकानं भाव विचारला तर तिनं त्याला हातानंच थांबवलं.

"बरं ते जाऊ दे," मावशी म्हणाली. "तिकीट कितीला आहे?"

"फार आहे. आत्ता तर काही विचारूच नकोस. दोन महिने थांबलं तर..."

"आकडा सांग."

लेकीनं आकडा सांगितला. मावशीनं डोळे मिटले. तेवढ्यात घर चौदा महिने चाललं असतं, औषधांसकट. सवयीनं तिच्या तोंडात आलंच होतं, उतरू दे. ते तिनं कडू गोळीसारखं गिळलं.

"घे," ती म्हणाली.

"काय?"

"तिकीट घे. ये."

"या भावात?"

"या भावात."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "आई, तुला एक सांगू? ओरडू नकोस."

"सांग."

"गेल्या वर्षी उतरलं होतं. एकदा. निम्म्यावर आलं होतं, आणि रजाही होती. मी रात्रभर बघत बसले. वाटलं, अजून थोडं उतरेल. सकाळी बघते तर दुप्पट."

मावशीला ती दिसली, दोन वेण्यांची, नाक वर केलेली, परक्या देशातल्या खोलीत एकटी बसून ओठांत भाव म्हणत असलेली. ही तिनंच तयार केली होती. स्वतःच्या हातानं.

"ओरडत नाहीस?" लेक म्हणाली.

"कुणावर ओरडू?" मावशी म्हणाली. "मी पण तेच केलं असतं." मग म्हणाली, "तू पाठवलेले सगळे पडून आहेत बँकेत. तेच देते तुला पाठवून, त्यात काढ."

"ते खर्चायला पाठवले होते मी! चांगलंचुंगलं घ्या म्हणून!"

"मला काय लागतं."

"आणि परत पाठवायला बँक किती कापते माहितीये?"

"कापते?"

"चांगलेच."

"मग नको," मावशी घाईघाईनं म्हणाली. "तू काढ. आल्यावर हातात देते."

यावर दोघी एकदमच हसायला लागल्या. हसता हसता मावशीच्या गालावरून पाणी ओघळलं, आणि बटाटेवालीनं काही न बोलता आपल्या ओच्याचं टोक पुढे केलं. बटाट्यांची माती होती त्याला. मावशीनं तेच घेतलं.

"काढते," लेक म्हणाली. "आज संध्याकाळी. पुढच्या महिन्याच्या एकोणीसची काढते, त्याआधी सोडणार नाहीत मला."

"एकोणीस." मावशीनं बोटांवर मोजलं. "बाबांना सांगू?"

"सांग. नको, मी सांगते. नको, तूच सांग." मग थांबून, "आई, तीन मिनिटं केव्हाच झाली."

"होऊ देत. तुझी सुट्टी किती उरलीये?"

"सहा मिनिटं."

"जेवतेस का वेळेवर?"

लेक हसली. "जेवते. तू उठ बघू. फेरी मार. मला भाव सांग, मी ठेवते लक्षात."

मावशी उठली. कानाला फोन, काखेत पिशवीची घडी. कांदा? एकोणतीस. भिंतीकडचा म्हातारा आता राहिला नव्हता, त्याचा मुलगा बसायचा, अठ्ठावीस. टोमॅटो बत्तीस. मधे साडेएकतीस. आणि कानात तो आवाज, जाडसर झालेला, बाईचा झालेला, पण त्याच चालीवर, "कांदा एकोणतीस, भिंतीकडे अठ्ठावीस, टोमॅटो बत्तीस, मधे साडेएकतीस..." मावशी मुद्दाम सावकाश चालत होती. नको ते भावसुद्धा विचारत होती. लिंबू कसं, लसूण कसा, भोपळा कसा.

"आई, भोपळा कुणाला आवडत नाही आपल्याकडे."

"लक्षात ठेव म्हटलं ना."

अंडीवाल्याच्या दहा पावलं अलीकडे तिकडून कुणीतरी हाक मारली, परक्या भाषेत. "आले, आले," लेक तिकडे बोलली, आणि इकडे, "आई, जावं लागतंय गं. ठेवते," आणि फोन बंद झाला. सगळे भाव तिच्याबरोबर गेले.

मावशी तिथंच उभी राहिली. फोन अजून कानालाच होता. इतकी वर्षं ती "ठेवते" म्हणत आली होती. दुसऱ्या टोकाला असं ऐकू येतं होय ते. एकोणीस म्हणजे साडेपाच आठवडे. आणि आल्यावर राहील किती, पंधरा दिवस? मग पुन्हा दोन विमानं. तिनं फोन खाली घेतला, पदराला पुसला, पिशवी हळूच उघडली. न झटकता. समोर जो कांदेवाला होता त्याच्याकडून कांदे घेतले, शेजारच्याकडून टोमॅटो घेतले, आणि मागेल ते दिलं. तिच्या पाठीमागे बाजारभर कुजबूज उठली.

शेवटी ती बेकरीत आली. बेकरीवाल्यानं तिला बघूनच फुटक्या बिस्किटांच्या डब्यात फावडी घातली. "अर्धा किलो ना, मावशी?"

"थांब. आज मी निवडून घेणार."

"फुटक्यात काय निवडायचं?" तो हसला. मग त्याच्यातला दुकानदार जागा झाला. "निवडून घ्यायची असली तर भाव वेगळा पडेल हां. अख्ख्याएवढा."

"मग अख्खीच घ्या की," मागच्या बाईनं सुचवलं.

अख्खी नेली तर नवऱ्याला कळेल. का आणली, ते त्याला लगेच कळेल. मावशीनं मान हलवली.

"लाव वेगळा भाव," ती म्हणाली.

बेकरीवाल्यानं तिच्याकडे बघितलं, मग डबा उचलून फळीवर तिच्यापुढे ठेवला. ती चष्मा लावून बसली. गोल तुकडा उचलला, त्याचा दुसरा अर्धा शोधला, दोन्ही जवळ धरून फट राहतेय का ते पाहिलं, आणि जोडी करून कागदावर ठेवली. सोप्या जोड्या हव्यात. मोठे तुकडे, ठळक कडा, बोटांनाही कळतील अशा. साडेपाच आठवडे पुरायला हव्यात. पुढच्या शनिवारी पुन्हा यावं लागेल.

"मावशी, दुकान बंद करायचंय," बेकरीवाला म्हणाला.

"कर की," ती डब्यात वाकून म्हणाली. "चौदा झाल्या. एकाचा जोडीदार सापडत नाहीये."